अ‍ॅनिमेशनपटातील प्रायोगिक दृश्यपरिणाम आणि प्रेक्षकाचे अवधान : रसविघ्न-विचाराच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना :

अ‍ॅनिमेशनपट हा रेषा, रंग आणि गती यांच्या मेळातून साकारणारा कलाप्रकार होय. प्रत्यक्ष जगाचे छायाचित्रण करणाऱ्या चित्रपटाला वास्तवाची मर्यादा असते. अ‍ॅनिमेशनपटाला ती नसते. झाड बोलू शकते, भिंत वितळू शकते, माणसाच्या मनातील दुःख त्याच्या मागच्या आकाशाचा रंग बदलू शकते. या स्वातंत्र्यामुळे या क्षेत्रात दृश्यपरिणामांचे प्रयोग सातत्याने होत आले आहेत. मात्र स्वातंत्र्याबरोबर एक धोकाही येतो. पडद्यावरील करामत पाहताना प्रेक्षकाच्या मनात ‘हे कसे केले असेल?’ हा प्रश्न उभा राहिला, की ‘आता काय होईल?’ हा प्रश्न मागे पडतो. कलावंताने ज्या आशयासाठी प्रयोग केला, त्याच आशयापासून प्रेक्षक दूर जातो.

प्रस्तुत लेखात या विचलनाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील ‘रसविघ्न’ ही संकल्पना आधाराला घेतली असून, दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांपासून मराठीतही भाषांतरित होऊन आलेल्या अलीकडील अ‍ॅनिमेशनपटापर्यंत काही निवडक कलाकृतींचा विचार केला आहे. फाळके यांचे चित्रपट काटेकोर अर्थाने अ‍ॅनिमेशनपट नाहीत. तथापि एकेक चौकट टिपून गती निर्माण करण्याच्या तंत्राचा आपल्याकडील आरंभ त्यांच्यापाशी होत असल्याने त्यांचा समावेश अपरिहार्य ठरतो.

रसविघ्नाची संकल्पना :

भरताच्या रससूत्रावर भाष्य करताना दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. ग. त्र्यं. देशपांडे, र. पं. कंगले आदी अभ्यासकांच्या विवेचनामुळे हा विचार मराठी वाचकाला परिचित आहे. दाखवलेली गोष्ट संभवनीय न वाटणे, ती केवळ आपली किंवा केवळ परक्याची वाटणे, प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला असणे, प्रतीतीची साधने अपुरी असणे, स्पष्टतेचा अभाव, प्रधान काय याचा निश्चय नसणे आणि संशय, अशी ही सात विघ्ने होत.

यांपैकी तिसरे आणि सहावे विघ्न आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. प्रेक्षक घरची चिंता घेऊन नाट्यगृहात आला असेल, तर त्याचे मन प्रयोगात रमत नाही. या तिसऱ्या विघ्नावर अभिनवगुप्तांनी सांगितलेला उपाय म्हणजे गीत, वाद्य, मंडपाची शोभा इत्यादी रंजक साधने. म्हणजे देखणेपणा हा रसाचा शत्रू नसून तो प्रेक्षकाला स्वतःच्या विवंचनेतून बाहेर काढणारा मित्र आहे. परंतु सहावे विघ्न, म्हणजे अप्रधानता, याच मित्राविषयी सावध करते. गौण गोष्ट प्रधान होऊन बसली, तर प्रेक्षकाच्या मनाला विसावा मिळत नाही. कारण गौण गोष्टीवर मन स्थिरावत नाही, ते सतत प्रधान कोणते याचा शोध घेत राहते. एकच दृश्यपरिणाम तिसरे विघ्न दूर करू शकतो आणि सहावे विघ्न निर्माणही करू शकतो. समीक्षकाला त्याची ही दोन्ही कार्ये एकाच वेळी ध्यानात घ्यावी लागतात.

त्यापूर्वी नवव्या शतकात आनंदवर्धन यांनी ‘ध्वन्यालोका’त अलंकाराची एक कसोटी सांगितली होती. रसनिर्मितीच्या ओघातच, वेगळा प्रयत्न न करता, जो सिद्ध होतो तो अलंकार खरा. अलंकार योग्य वेळी घ्यावा, योग्य वेळी सोडावा आणि तो शेवटपर्यंत ओढत नेण्याची हौस धरू नये, असेही त्यांचे सांगणे आहे. विरहशृंगारात यमकाचा सोस त्यांना अनुचित वाटतो, कारण यमक जुळवण्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागतो आणि तो वाचकाला जाणवतो. ‘अलंकार’ या शब्दाच्या जागी ‘दृश्यपरिणाम’ हा शब्द ठेवला, तर ही कसोटी आजच्या अ‍ॅनिमेशनपटाला जशीच्या तशी लागू पडते.

फाळके : परिचित कथा, अपरिचित दृश्य

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) निर्माण करण्यापूर्वी फाळके यांनी कुंडीतील अंकुराच्या वाढीचे दीर्घकाळ थोडे थोडे चित्रीकरण करून एक लघुपट तयार केला होता. पुढे त्यांनी आगकाड्यांना एकेक चौकट हलवून सजीव करणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपटही केला. या लघुपटांत करामत हाच विषय होता. तिच्यामुळे विचलित होण्याजोगे दुसरे काही त्यांत नव्हते.

‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांची स्थिती वेगळी आहे. येथे कथा आहे आणि चमत्कारही आहे. त्या काळातील बहुसंख्य प्रेक्षकांसाठी हलते चित्र हीच नवलाची गोष्ट होती. तरीही ‘कालियामर्दन’मधील पाण्याखालचे युद्ध कथेपासून तुटत नाही. याचे कारण कथा प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक आहे. बाळकृष्ण डोहात उडी घेणार, नागाशी झुंजणार आणि त्याच्या फणेवर उभा राहणार, हे कीर्तनातून व कथापुराणातून आलेले ज्ञान तो सोबत घेऊन येतो. अलौकिक घटना दाखवताना लोकमानसात रुजलेली प्रख्यात कथा घ्यावी, म्हणजे असंभवाचे विघ्न उरत नाही, असे अभिनवगुप्तांनी सुचवले आहे. फाळके यांच्या चित्रपटांत त्याचे प्रत्यंतर मिळते. कथा स्थिर असल्यामुळे चित्राला चमत्कार करण्याची मोकळीक मिळाली.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. ‘कालियामर्दन’च्या प्रारंभी कृष्णाची भूमिका करणाऱ्या मंदाकिनी या फाळके यांच्या कन्येच्या चेहऱ्यावरील विविध भाव दाखवले आहेत. तसेच चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा स्वतंत्र लघुपटही फाळके यांनी केला होता. ‘हे कसे केले?’ या कुतूहलाला त्यांनी वेगळी जागा दिली, असे यावरून म्हणता येईल. कुतूहल स्वाभाविक आहे हे ओळखून त्याचे समाधान कथेच्या बाहेर करणे, ही एक प्रगल्भ दृष्टी होय.

चित्रकथीचा दाखला :

महाराष्ट्रातील चित्रकथी परंपरेचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला जतन केली आहे. गोदाकाठचे पैठण हे आपल्या मराठवाड्यातील गावही चित्रकथीच्या एका शैलीशी जोडले गेले आहे. चित्रकथीतील आकृती भडक रंगांच्या, मोठ्या डोळ्यांच्या, वास्तवापासून बऱ्याच दूरच्या असतात. तरीही त्या श्रोत्याला विचलित करीत नाहीत. चित्र स्थिर असते आणि कथेकऱ्याचा आवाज चालत असतो. चित्रातील कोणत्या कोपऱ्याकडे पाहायचे हे तो आवाज सांगतो.

फाळके यांच्याकडे कथा स्थिर आणि चित्र चंचल, तर चित्रकथीत चित्र स्थिर आणि कथन चंचल. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाच्या हाती धरायला काहीतरी पक्के राहते. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन यातूनच निघते. दृश्यपरिणामाचे नवेपण हे विचलनाचे पुरेसे कारण नाही. तो परिणाम घडत असताना प्रेक्षकाला आधार देणारे दुसरे स्थिर अंग कलाकृतीत नसले, म्हणजे विचलन घडते.

फिल्म्स डिव्हिजन आणि प्रमोद पती :

स्वातंत्र्योत्तर भारतातील अ‍ॅनिमेशनचा संस्थात्मक पाया मुंबईत घातला गेला. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ मध्ये झाली (ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली). तेथे १९५६ मध्ये डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली व्यंगपट विभाग आकारास आला आणि जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ (१९५७) तयार झाला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत याच विभागात घडले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जाँ भावनगरी यांच्या प्रोत्साहनामुळे या सरकारी संस्थेत प्रयोगशीलतेचे वारे वाहू लागले. चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्रन्का यांच्याकडे बाहुलीपटाचे शिक्षण घेऊन आलेले प्रमोद पती (१९३२-१९७५) हे त्या प्रयोगशीलतेचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

पती यांनी ‘पिक्सिलेशन’ हे तंत्र हाताळले. या तंत्रात जिवंत माणसाला बाहुलीप्रमाणे एकेक चौकटीत टिपतात. त्यामुळे पडद्यावर तो झटके घेत, घसरत, क्षणात येथून तेथे जात असल्याचे दिसते. ‘क्लॅक्स्प्लोजन’ (१९६८) हा कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी केलेला लघुपट आणि ‘आबिद’ (१९७२) हा चित्रकार आबिद सुरती यांच्यावरील लघुपट, हे दोन्ही या तंत्राने साकारले आहेत. दिग्दर्शक एक, तंत्र एक, संस्थाही एक. असे असूनही दोहोंचा न्याय वेगळा करावा लागतो.

‘आबिद’मध्ये चित्रकार एका खोलीत वावरतो आणि त्याच्याभोवतीचे सारे रंगांनी भरत जाते. येथे चित्रनिर्मितीचा उन्माद हाच विषय आहे. झटक्यांची गती आणि रंगांचा स्फोट हे त्या उन्मादाचे शरीर आहे. प्रेक्षक करामत पाहतो तेव्हा तो विषयच पाहत असतो. त्यामुळे येथे अप्रधानतेचा दोष संभवत नाही. ‘क्लॅक्स्प्लोजन’चा विषय मात्र पडद्याबाहेर, प्रेक्षकाच्या घरात आहे. मुले किती असावीत हा निर्णय दांपत्याने शांतपणे करावयाचा असतो. त्या निर्णयाचे गांभीर्य आणि पिक्सिलेशनची विनोदी, अस्वस्थ गती यांचा सांधा जुळत नाही. गती मनात राहते आणि सल्ला निसटतो.

हा फरक केवळ सौंदर्याचा नाही. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे बंधनकारक होते आणि क्षेत्रीय प्रचार विभागाच्या गाड्या सरकारी प्रचारपट गावोगाव पोहोचवीत. या प्रेक्षकाने लघुपट निवडलेला नव्हता. तो त्याच्यापुढे आणून ठेवला जात होता. अशा प्रेक्षकाला संदेश कळला नाही, तर त्याचा दोष त्याच्या अडाणीपणावर ढकलता येत नाही. सार्वजनिक पैशातून सांगितलेल्या गोष्टीने ऐकणाऱ्याच्या अवधानाची जबाबदारी घ्यावयास हवी.

मिताक्षरी रेषेचे सामर्थ्य :

याच काळातील ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा लघुपट तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. विजया मुळे यांचे दिग्दर्शन, भीमसेन व सहकाऱ्यांचे अ‍ॅनिमेशन आणि वसंत देसाई यांचे संगीत लाभलेला हा लघुपट दूरदर्शनमुळे घराघरांत पोहोचला. त्याची चित्रे साधी आहेत. पारध्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीने जाळे घेऊन उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडतात, एवढीच गोष्ट. त्यातही प्रयोग आहे. ‘एक’ आणि ‘अनेक’ या अमूर्त कल्पनांना दृश्यरूप देणे हे सोपे काम नव्हे. एक फूल येते, मग अनेक फुले येतात. मुलाचा प्रश्न, मोठ्या बहिणीचे उत्तर आणि चित्रातील बदल हे तिन्ही एकाच पावलाने चालतात. हा बदल वेगळ्या प्रयत्नाने चिकटवलेला नाही. तो आनंदवर्धनांच्या कसोटीस उतरतो.

अलीकडील दोन कलाकृती :

गीतांजली राव यांच्या दोन कलाकृतींत या प्रश्नाची दोन टोके दिसतात. ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) या सुमारे पंधरा मिनिटांच्या लघुपटात एकाकी वृद्ध स्त्री काडेपेट्यांवरील चित्रांच्या जगात शिरते. तिचे प्रत्यक्ष जीवन करड्या छटांत आणि काडेपेटीतील जग रंगांत रंगवले आहे. नियम एकच आणि तो पहिल्या काही क्षणांत कळतो. त्यामुळे संवाद नसतानाही प्रेक्षक वाट चुकत नाही.

‘बॉम्बे रोझ’ (२०१९) या त्यांच्या पूर्ण लांबीच्या, चौकट-चौकट रंगवलेल्या चित्रपटात मात्र अनेक नियम एकत्र येतात. कमलाची स्वप्ने लघुचित्रशैलीत, सलीमची स्वप्ने हिंदी चित्रपटाच्या धाटणीत आणि मिसेस डिसूझा यांच्या आठवणी कृष्णधवल रंगात आहेत. डिसूझाबाई रस्त्याने चालू लागतात आणि आजची मुंबई हळूहळू जुन्या मुंबईत विरघळते, हा प्रसंग अत्यंत हृद्य आहे. चालणारी बाई तीच राहते, फक्त भोवतालचा काळ बदलतो. येथे स्थिर आणि चंचल यांचे नाते अचूक साधले आहे. परंतु प्रत्येक पात्रासाठी वेगळी शैली आल्यामुळे चित्रपटाच्या मध्यभागी कमला व सलीम यांच्या प्रेमाची ओढ क्षीण होते. एका शैलीत मन रुजते न रुजते तोच दुसरी शैली सुरू होते. प्रत्येक चौकट सुंदर असूनही प्रधान कोण, हा प्रश्न पडतो. योग्य वेळी त्याग करण्याचे जे तत्त्व आनंदवर्धनांनी सांगितले, ते येथे पुरेसे पाळले गेलेले नाही.

‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३) हा हॉलिवूडचा अ‍ॅनिमेशनपट भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यातील प्रत्येक विश्वाची चित्रशैली स्वतंत्र आहे. ‘मुंबट्टन’ या नगरीच्या चित्रणामागे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ची प्रेरणा आहे, ही मराठी वाचकाला सुखावणारी बाब होय. ग्वेन आणि तिचे वडील यांच्या प्रसंगांत पार्श्वभूमीचे जलरंग भावनेनुसार ओघळतात, थिजतात आणि उजळतात. दोन माणसे समोरासमोर उभी राहून बोलत असल्यामुळे रंगांचे हे वागणे आपल्याला त्यांच्या मनाचे वागणे वाटते. याउलट होबी या पात्राच्या शरीराचे वेगवेगळे भाग कोलाजप्रमाणे वेगवेगळ्या गतीने हलतात. त्याच्या बंडखोर स्वभावाला ते साजेसे आहे. परंतु धावपळीच्या प्रसंगांत ही गती, अनेक विश्वांचे रंग आणि चित्रात उमटणाऱ्या इंग्रजी अक्षरचौकटी एकत्र आल्यावर डोळ्याला विसावा उरत नाही. मराठी ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या व इंग्रजी न वाचणाऱ्या प्रेक्षकासाठी ती अक्षरेही केवळ हलणारे आकार ठरतात. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत हा अप्रधानतेबरोबरच अस्फुटतेचाही दोष होय.

प्रेक्षकाचे अवधान : मर्यादा आणि परिस्थिती

अवधान मर्यादित असते, हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. डॅनियल सायमन्स व क्रिस्टोफर चॅब्रिस यांच्या १९९९ मधील प्रसिद्ध प्रयोगात चेंडूफेकी मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना समोरून गेलेला गोरिलावेषातील माणूस दिसलाच नाही. पडद्यावर असणे आणि प्रेक्षकाला दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दृश्यपरिणाम शरीरावरही आघात करू शकतो. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातील तांबड्या-निळ्या प्रकाशाच्या जलद उघडझापीमुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी हा विचार अधिक निकडीचा ठरतो. मोठ्या पडद्यासाठी आखलेला दृश्यपरिणाम येथे बहुधा मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पाहिला जातो. तेथे बारकावा हरवतो आणि उरते ती केवळ चळवळ. शिवाय अ‍ॅनिमेशन आता करमणुकीपुरते राहिलेले नाही. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि ‘दीक्षा’ यांसारख्या माध्यमांतून ते शिक्षणाचे साधन झाले आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांसोबत स्थलांतर करणाऱ्या मुलाची शाळा काही महिने तुटते. त्याला एखादी संकल्पना चित्रातून पाच मिनिटांत समजून घ्यावयाची असते. रिचर्ड मेयर यांच्या अध्ययनविषयक संशोधनाचा एक निष्कर्ष असा, की विषयाशी संबंध नसलेली रंजक चित्रे, ध्वनी व मजकूर वगळल्यास शिकणे अधिक चांगले होते. फिरणारी अक्षरे, लखलखणारी पार्श्वभूमी आणि विनाकारण नाचणारी पात्रे यांची किंमत हे मूल आपल्या तुटपुंज्या वेळातून मोजते.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकाला सोपे जावे म्हणून कलावंताने प्रयोगच करू नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘आबिद’ व ‘प्रिंटेड रेनबो’ हे धाडसी प्रयोगच आहेत. ग्रामीण प्रेक्षकाला प्रयोग कळत नाहीत, हा समजही निराधार आहे. सोंगे, दशावतार, चित्रकथी यांतील संकेत त्याच समाजाने शतकानुशतके जाणले आहेत. संकेत आधी कळला आणि तो पाळला गेला, तर कितीही अवास्तव दृश्य त्याला परके वाटत नाही. प्रश्न प्रयोगाच्या शिस्तीचा आहे.

निष्कर्ष :

१) प्रायोगिक दृश्यपरिणाम प्रेक्षकाला स्वतःच्या विवंचनेतून बाहेर काढतो, तसाच तो आशयाला झाकूही शकतो. त्याचे मूल्यमापन या दोन्ही अंगांनी करावयास हवे.

२) कथा, पात्र, आवाज किंवा दृश्यसंकेत यांपैकी किमान एक अंग स्थिर असल्यास दुसऱ्या अंगातील प्रयोग विचलन घडवीत नाही.

३) तंत्र स्वतःच विषय असेल तेथे करामतीला दोष देता येत नाही. विषय पडद्याबाहेरील जीवनाचा असेल, तर तंत्राने गौण राहणे आवश्यक ठरते.

४) एका कलाकृतीत अनेक दृश्यशैली वापरताना प्रत्येक शैलीला रुजण्यास अवधी देणे आणि वेळीच तिचा त्याग करणे गरजेचे आहे.

५) प्रचारपट व शैक्षणिक अ‍ॅनिमेशन यांच्या बाबतीत प्रेक्षकाच्या अवधानाची जबाबदारी प्रामुख्याने निर्मात्याची आहे.

समारोप :

अ‍ॅनिमेशनपटाची समीक्षा मराठीत अद्याप कथानकाचा सारांश आणि तंत्राचे कौतुक यांच्यात घुटमळताना दिसते. ‘ग्राफिक्स चांगले आहेत’ या शेऱ्याने कोणताच प्रश्न सुटत नाही. ते कशासाठी आहेत, कोणत्या क्षणी आहेत आणि त्या क्षणी प्रेक्षकाच्या हाती धरायला काय ठेवले आहे, हे विचारावयास हवे. हजार वर्षांपूर्वी नाट्यगृहातील प्रेक्षकाच्या मनाचा इतका बारकाईने विचार करणारी शास्त्रपरंपरा आपल्यापाशी आहे. तिचा उपयोग वीतभर पडद्यासमोर बसलेल्या आजच्या मुलासाठी करणे, हे तिच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.